चांगुणाआत्याच्या तीन रेघा

मी गोष्टी फुगवून सांगतो, हे आमच्या भिवंडीत कशेळीपासून वडप्यापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. आमच्या खाडीतली चिंबोरी माझ्या तोंडून बाहेर पडते तेव्हा परातीएवढी झालेली असते. साखरपुडा असो, बारसं असो, लोक मला मुद्दाम पुढे बसवतात आणि म्हणतात, "बाळाराम, होऊन जाऊ दे!" मग होऊन जातं. म्हणून आधीच हात जोडून सांगतो, पुढे जे लिहिलं आहे त्यात मी एक वीतसुद्धा वाढवलेली नाही. जिथे वाढवायचा मोह झाला, तिथे उठून पाणी पिऊन आलो.

माझा सगळ्यात गाजलेला प्रयोग होता 'देवमाशी'. देवमाशी म्हणजे माझी चांगुणाआत्या, माझ्या बापाची थोरली बहीण. आठ वर्षांची असताना ती माझ्या आजोबांच्या पडावावर, म्हणजे शिडाच्या मोठ्या होडीवर, बसून गेली होती. तेव्हा कशेळीहून गवताचे पडाव खाडीतून वसईकडे आणि तिथून मुंबईला जात. वसईच्या पुढे, खुल्या समुद्रात, बाकीचे झोपले असताना हिने म्हणे देवमासा पाहिला. पडावाएवढा लांब. त्याने फुस्सकन श्वास सोडला, त्याला पावसात भिजलेल्या सुक्या बोंबलाच्या टोपलीसारखा वास आला, आणि त्याच्या डोक्यावर उभ्या तीन रेघा होत्या.

देवमासा एक वेळ गावाने सोडून दिला असता. पण तीन रेघा! "गंध लावून आला होता का गं?" हे माझ्या बापाने पहिल्यांदा विचारलं, आणि पुढची साठ वर्षं आत्याला सगळे देवमाशी म्हणाले. तिला दिली वडप्याच्या शेतकऱ्याच्या घरात, समुद्र न पाहिलेल्या माणसांत. तिथे तर विचारायलाच नको. आणि या सगळ्यावर साज चढवला मी. डोक्यावर पदर, कपाळावर तीन बोटं, डोळे बटाट्याएवढे. मी फुस्सकन श्वास सोडला की लोक जेवणाच्या पानावर आडवे व्हायचे. आत्याही हसायची. मला तरी तसं वाटायचं.

त्या वर्षी माघात तिच्या नातवाचा साखरपुडा झाला. मुलीकडची मंडळी नवीन, मी फॉर्मात. देवमाशी केली. व्याह्यांनी डोळे पुसत आत्याकडे बोट दाखवलं, "ह्याच कं त्या?" आणि पहिल्यांदाच आत्या हसली नाही. पान बाजूला सारून उठली, माझ्यापुढे उभी राहिली.

"बाल्या," ती म्हणाली, "तू मना त्याच्या मोरं ने. न्हाय दिसला तं मी मरंपर्यंत हस. दिसला तं या पोराच्या हलदीला सगल्यांच्या मोरं उभा रहा, आन् नाटक न करता खरं सांग."

मांडवात एवढी शांतता मी माझ्या कुठल्याच प्रयोगाला मिळवली नव्हती.

निवती

देवमासा शोधायला कुठे जायचं असतं, हे भिवंडीत कोणाला विचारणार? माझा कारखाना लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा. तिथे कापडाचा पन्ना विचारा, मीटर विचारा. शेवटी मालवणकडच्या एका कापडवाल्याने नाव दिलं: वेंगुर्ल्याजवळ निवती, तिथले बाबी तांडेल. त्यांची मुलगी सुगंधा मासळीचं शास्त्र शिकली आहे, आणि कोणाला कुठे देवमासा दिसला हे वहीत लिहून ठेवते.

गाडी चालवायला शमीमभाई. हे माझ्या कारखान्याचे जॉबर, म्हणजे बिघडलेला लूम दुरुस्त करणारे उस्ताद. मूळचे आझमगढचे, पण तीस वर्षं भिवंडीत, माझ्याइतकीच. त्यांनी समुद्र पाहिला होता तो फक्त हाजी अलीला, तोही ओहोटीचा. "सेठ, मछली देखने इतना दूर? नारपोली के बाजार में क्या कमी है?" असं म्हणून त्यांनी गाडी काढली. वाटेतल्या वळणांबद्दल मी काही लिहीत नाही, कारण ती मी डोळे मिटून पार केली.

निवती मात्र डोळे उघडायला लावते. वरून उतरलो तर खाली अर्धचंद्रासारखी वाळू, माडांची गर्दी, रंगीत होड्या ओढून ठेवलेल्या, आणि पाणी असं की तळाचा दगड दिसावा. आत्या काठावर उभी राहून बराच वेळ बघत राहिली. आमच्या कशेळीच्या पुलाखालचं पाणी काळं आहे, दोन्ही काठांवर गोदामं. तिथे तळ दिसायचा म्हणजे खाडी आटायला हवी.

"आपली खाडी अशी व्हती रं," ती म्हणाली. "आसंच पानी."

मी म्हणणार होतो, 'आणि त्यात गंध लावलेला देवमासा.' नाही म्हटलं. सवय सुटायला लागली होती बहुतेक.

बाबी तांडेल साठीचे, वाळलेल्या खारकेसारखे. त्यांच्या पडवीत आम्ही जेवलो. बांगड्याचं तिखलं, वर तिरफळं. आमच्याकडे आगरी मसाला घातला की मासा गप्प बसतो, मसाला बोलतो. इथे नारळ आणि तिरफळ यांच्यात मासाही आपलं म्हणणं मांडतो. आत्याने पहिल्या घासाला नाक मुरडलं आणि तिसरा बांगडा मागून घेतला. शेवटी सोलकढी आली. शमीमभाईंनी तो गुलाबी रंग बघितला, त्यांना रमजानचं सरबत आठवलं, आणि कोणी काही बोलायच्या आत त्यांनी तीन चमचे साखर घालून ढवळली. बाबींची बायको दाराला धरून हसत बसली. शमीमभाईंनी पेला रिकामा करून गंभीरपणे सांगितलं, "इसमें लहसुन किसने डाला?"

सुगंधा पंचविशीची, सडपातळ, चष्म्याला दोरी बांधलेली. तिने वही उघडून आत्याला विचारलं, "आजी, तुम्ही नक्की काय पाहिलंत? सगळं सांगा."

साठ वर्षांत हा प्रश्न आत्याला कोणी हसू दाबल्याशिवाय विचारला नव्हता. तिने पदर सावरला आणि सांगितलं. पडाव, श्वास, वास. तीन रेघांपाशी येऊन ती अडखळली आणि माझ्याकडे बघितलं. मी पाण्याचा तांब्या न्याहाळत होतो.

"रेघा आडव्या की उभ्या?" सुगंधाने विचारलं.

"उभ्या. नाकापास्नं मोरं. मधली मोठी."

सुगंधाची पेन्सिल थांबली. ती काहीतरी बोलणार होती; मग नुसतीच हसली आणि वही मिटली. "उद्या बघूया. पण आजी, एक सांगते. यंदा तो अजून एकदाही दिसलेला नाही. पेडवेच किनाऱ्याला आले नाहीत."

पेडवे म्हणजे आमची तारली. तीच देवमाशाची भाकर.

पहिला दिवस, म्हणजे डब्याचा दिवस

सकाळी होडीत बसलो. आत्या मधोमध, अंगाला लाइफ जॅकेट. ते घालताना तिने "लुगड्यावर स्वेटर" अशी तक्रार केली. निवतीच्या खडकांच्या पलीकडे बाबींनी इंजिन बंद केलं आणि सुगंधाने दोरीला बांधलेला थर्मामीटर पाण्यात सोडला. आकडा बघून वहीत लिहिला. मग बापाला दाखवला. बापाने मान हलवली.

"पयलां ह्या दिसांत पेडव्यांचो थवो किनाऱ्याक लागायचो," बाबी म्हणाले. "आता तेंच्या पाठसून आमी भायर भायर जातंव. पानी गरम झाला."

"हाताला तर गार लागतंय," मी म्हटलं.

"तुमच्या हाताला," सुगंधा म्हणाली. "माशाला थोडासा फरकही कळतो. बघा काका, खालचं थंड पाणी वर येतं ना, तेव्हा त्याच्याबरोबर तळातलं खत वर येतं. त्यावर डोळ्यांना न दिसणारं हिरवं शेवाळ वाढतं. ते पेडवे खातात, आणि पेडवे तो खातो. पण वरचं पाणी तापलं की दुधावरच्या सायीसारखं बसून राहतं. खालच्याला वर येऊ देत नाही. मग खत नाही, शेवाळ नाही, पेडवे नाहीत."

"आणि पाणी तापतं कशाने?"

"धुराने. कोळसा, डिझेल, सगळा धूर. हवा तापते आणि त्यातली बरीचशी उष्णता समुद्र पोटात घेतो."

मला सुताला खळ लावणाऱ्या आमच्या सायझिंगवाल्यांची धुराडी आठवली, माझ्या कारखान्यामागचा जनरेटरही आठवला, आणि मी उगाचच खडकांवरून उडणाऱ्या पाकोळ्या मोजू लागलो.

आत्याला मात्र ते माझ्याआधी कळलं. तिने पाण्यात हात घातला. "आकलोलीच्या कुंडात मासा हाय कं?" तिने विचारलं.

अकलोली आमच्याकडची, वज्रेश्वरीजवळ. गरम पाण्याची कुंडं. अख्खा जिल्हा तिथे पाठ शेकायला जातो. मी म्हटलं, "नाही, तिथे कुठला मासा?"

"मंग?" आत्या म्हणाली. "हिथं कुंड झाला तं तो कशाला येल?"

सुगंधाने ते वाक्य वहीत लिहून घेतलं. शास्त्राच्या वहीत वडप्याची आत्या!

पुढे सुगंधाने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार आवडली, आणि जेवताना वाचत असाल तर क्षमा करा. देवमासा नुसता खात नाही, तो पाण्यात शी पण करतो, भरपूर. तेही खतच. त्यावर पुन्हा शेवाळ, पुन्हा पेडवे. म्हणजे तो स्वतःचं शेत स्वतः नांगरतो. तो गेला तर शेत आणखी पडीक. "शेणखत!" आत्या ओरडली. शेतकऱ्याच्या घरात नांदलेल्या बाईला त्या मोठ्या जनावराबद्दल पहिल्यांदाच घरचं माणूस असल्यासारखं वाटलं असावं.

एवढ्यात टोकाला बसलेले शमीमभाई गरजले, "सेठ! उधर! उधर देखो!"

इथे भिवंडीबद्दल एक सांगायला हवं. लूमच्या खडखडाटात तीस वर्षं काढलेला माणूस हळू बोलूच शकत नाही. कानही मंद होतात आणि गळे मोठे. मी तेवढ्याच आवाजात "कुठं? कुठं?" करत उठलो आणि त्या बाजूला धावलो. होडी कलली, बाबी ओरडले, आत्याने माझं धोतर, नाही, पँट धरली, आणि आमच्या जेवणाचा चार पुडांचा डबा बुडुक करून अरबी समुद्रात गेला. समोर होते डॉल्फिन. ते आमच्याकडे बघायलाही थांबले नाहीत.

सुगंधाने चष्मा काढून पुसला. तिला राग आला की ती चष्मा पुसते. "उद्या होडीत कोणी बोलायचं नाही. उठायचंही नाही. कुजबुजायचं."

"कुजबुजायचं म्हणजे कसं?" मी विचारलं. माझ्या कुजबुजण्याने पलीकडच्या होडीतल्या माणसाने वळून पाहिलं.

त्या संध्याकाळी आत्या वाळूवर बसली होती. बाकी सगळ्यांना भूक लागलेली, ती मात्र पाण्याकडे बघत होती. सुगंधा तिच्याजवळ जाऊन बसली.

"आजी, तुमच्यावर गावाने विश्वास ठेवला नाही ना? मला कधीकधी भीती वाटते. माझ्याकडे अजून एकच वही आहे, तिच्यावरून खात्रीने काही सांगता येणार नाही. पण पाणी असंच तापत गेलं, आणि तो दूर निघून गेला, तर मी म्हातारी होईन तेव्हा माझी नातवंडं म्हणतील, आजी थापा मारते."

आत्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "त्यांना मारायला एक काठी ठेव," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "मी ठेवली न्हाय, त्याचा हा असा झाला."

हसलो सगळे. पण मी रात्रीच्या जेवणाला एक भाकरी कमी खाल्ली. ज्यांना माझी भूक माहीत आहे त्यांना ह्याचा अर्थ कळेल.

दुसरा दिवस

आमच्याकडे राहायला दोनच दिवस होते. तिसऱ्या दिवशी कारखान्यात विजेची पाळी बदलणार होती, निघणं भाग होतं. आत्याला हे माहीत होतं. ती सकाळी होडीत बसली आणि दोन्ही हातांनी फळी धरली.

बोलायचं नाही, हे ठरलं होतं. पण लूमच्या लोकांना न बोलता बोलता येतं, हे सुगंधाला माहीत नव्हतं! कारखान्यात चाळीस लूम सुरू असताना कोण कोणाला ऐकणार? सगळा कारभार हातांवर. बाणा, म्हणजे आडवा धागा, संपला, चहा आला, मालक आला, सगळ्याला खुणा आहेत. ताणा, म्हणजे उभा धागा, तुटला की जॉबरला बोलवायची खूण म्हणजे मूठ वर आणि दोन बोटं खटकन मिटायची. ही खूण दिसली की शमीमभाई भरल्या ताटावरून उठतात.

दोन तास काही नाही. समुद्र तेल सांडल्यासारखा गुळगुळीत. बाबी आणखी बाहेर गेले, आणखी बाहेर. एका ठिकाणी सुगंधाने थर्मामीटर वर काढला, आकडा बघितला, आणि बापाला हाताने थांबा म्हणून सांगितलं. इथे पाणी जरा थंड होतं. इंजिन बंद. वर चार-पाच पक्षी गिरक्या घेत होते.

मला काही ऐकू येत नव्हतं. बारीक आवाज मला कधीच येत नाहीत. मी शमीमभाईंच्या पाठीकडे बघत होतो, आणि त्या पाठीवरून एक मूठ वर गेली. दोन बोटं खटकन मिटली.

ताणा तुटला!

मी ओरडलो नाही. उठलो नाही. माझ्या आयुष्यातला हा सर्वोत्तम अभिनय, आणि त्याला प्रेक्षक नव्हते. मी फक्त आत्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि डाव्या बाजूला वळवला.

आधी वास आला. पावसात भिजलेल्या सुक्या बोंबलाच्या टोपलीचा. मी तीस वर्षं ह्या वासावर टाळ्या घेतल्या होत्या, आणि तो आता माझ्याच नाकात शिरला होता.

मग श्वास. तो मात्र मलाही ऐकू आला, बॉयलरची वाफ सोडल्यासारखा. आणि पाणी उघडलं. पेडव्यांचा एक चंदेरी फवारा वर उडाला, त्यांच्यामागून एक काळंकरडं डोकं तिरकं बाहेर आलं, भिजलेल्या डांबरी रस्त्यासारखं चकचकीत. नाकापासून पुढे, सरळ, उंचवटे आलेल्या रेघा.

एक. दोन. तीन. मधली मोठी.

सुगंधा रडत होती आणि लिहीत होती. शमीमभाई "सुभानअल्लाह" म्हणाले, आणि खरंच कुजबुजले. मला ओठांवरून कळलं. बाबींनी टोपी काढली.

तो तीनदा वर आला. तिसऱ्यांदा इतका जवळ, की एक छोटासा डोळा आमच्यावरून फिरला. आत्याने फळी सोडली. तिला बोलायची बंदी होती, पण तिला कोण अडवणार?

"लय उशीर लावलास रं," ती त्याला म्हणाली.

मग पाठ, छोटंसं मागे वळलेलं पर, आणि पाणी मिटलं.

बाबींनी टोपी परत घातली. शेवटी आत्या माझ्याकडे वळली. आता ती बोलेल, साठ वर्षांचं सगळं बोलेल, अशी मी तयारी केली. ती म्हणाली, "भूक लागली."

सुगंधाने मग सांगितलं: ह्या जातीच्या देवमाशाच्या डोक्यावर तीन उंचवटे असतातच, तीच त्याची ओळख. तिला ते आदल्या दिवशीच माहीत होतं. "पण मी सांगितलं असतं, तर काकांनी पुस्तकावर विश्वास ठेवला असता," ती म्हणाली. "आजींवर नाही."

शमीमभाईंनी कॅमेऱ्याने अख्खा रोल संपवला होता. धुऊन आणला तेव्हा छत्तीस फोटो निघाले. बत्तीस पाण्याचे, तीन माझ्या कानाचे, एक शमीमभाईंच्या बोटाचा.

वडपे

वैशाखात हळद होती. आमच्याकडची हळद लग्नापेक्षा मोठी. मांडवात हजार माणूस, बँड, मटणाच्या हंड्या. दुपारी चारला नवरदेवाला पाटावर बसवलं, बायकांनी हळद लावली, आणि कोणीतरी ओरडलंच, "बाळाराम, होऊन जाऊ दे! देवमाशी!"

मी उभा राहिलो. डोक्यावर पदर घेतला नाही. डोळे मोठे केले नाहीत. हात मागे बांधून, जेवढ्या हळू बोलता येईल तेवढ्या हळू, मी सगळं सांगितलं. निवती, तापलेलं पाणी, दूर गेलेले पेडवे, वास, श्वास, तीन रेघा. म्हटलं, "माझी आत्या साठ वर्षं खरं बोलत होती. मी तिची नक्कल करून टाळ्या घेतल्या. चूक माझी."

 मग मांडव हसून कोसळला. लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागले. "काय काम केलंय रे! चेहरा बघ त्याचा!" "ह्या खेपेला हसतसुद्धा न्हाय!" व्याही डोळे पुसत होते. मी शपथ घेतली, तर आणखी हसले. शमीमभाईंनी उभं राहून "सच है, सच है" केलं. लोकांना वाटलं, ह्या खेपेला साथीदारही आणलाय.

मी घामाघूम होऊन आत्याकडे धावलो. ती पुढेच, खुर्चीवर, तोंडात पेढा.

"आत्या, तू सांग गं ह्यांना! तू पाहिलास ना?"

सगळा मांडव तिच्याकडे बघू लागला. तिने पेढा सावकाश गिळला. बोटं पदराला पुसली. माझ्याकडे बघितलं, व्याह्यांकडे बघितलं.

"मी?" ती म्हणाली. "मी न्हाय बा कई बगला. ह्याला लहानपनापास्नं सवय हाय."

हशाने छपराचे पत्रे वाजले असतील. त्या गदारोळात आत्या उठली. पाटापाशी जाऊन वाटीतली ओली हळद तिने तीन बोटांवर घेतली, माझी हनुवटी धरली, जसा मी होडीत तिचा चेहरा धरला होता, आणि माझ्या कपाळावर रेघा ओढल्या.

एक. दोन. तीन. उभ्या. मधली मोठी.